विश्लेषण : दहा जण जमले तरच प्रार्थना! मराठी ज्यूंचे समाजजीवन पुन्हा पुन्हा कसे उभे राहिले?

नागपुरात देवळे, बुद्धविहार, मशिदी, चर्च, गुरुद्वारे, अग्यारी असे सगळे काही आहे. ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग पाहायचे असेल, तर मात्र नागपूरकराला रात्रीची गाडी पकडून ठाणे, मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. त्याहून जुन्या खुणा शोधायच्या तर आणखी पुढे, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंड्यापर्यंत जावे लागते. महाराष्ट्रातले ज्यू राज्यभर का पसरले नाहीत आणि मूठभर असूनही गेली सव्वादोनशे वर्षे त्यांचे सामूहिक धर्मजीवन टिकले कसे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच आकड्यापाशी येऊन थांबते. तो आकडा म्हणजे दहा.

हा दहाचा नियम काय आहे?

ज्यू धर्मात एकट्याने प्रार्थना करायला कुणाची हरकत नाही. पण काही प्रार्थना अशा आहेत, की त्या समूहातच म्हणता येतात. त्या समूहासाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येला हिब्रूमध्ये ‘मिन्यान’ म्हणतात. दहा जण नसतील तर तोराच्या हस्तलिखित गुंडाळीचे जाहीर वाचन होत नाही. सर्वांत जिव्हारी लागणारी अडचण मृत्यूच्या वेळी येते. वडील गेल्यावर मुलाने म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थना दहा जणांशिवाय म्हणता येत नाही. घरात दुःख आहे, मुलाला प्रार्थना पाठ आहे, पण आजूबाजूला नऊच माणसे आहेत, अशा वेळी दहाव्याची वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही.

देवळात पुजारी एकटा असला तरी पूजा होते. सिनेगॉगचे तसे नाही. इमारत कितीही देखणी असो, दहा जण नसतील तर तिथे दिवे लावता येतात, कुलूप उघडता येते, इतकेच. म्हणून नोकरीनिमित्त दूर गावी गेलेले ज्यू कुटुंब घरात शब्बाथ पाळू शकते, मुलाची आठव्या दिवशी सुंता करू शकते, खाण्यापिण्याचे नियमही सांभाळू शकते. पण त्याच्या आसपास आणखी नऊ-दहा घरे आली नाहीत, तर ‘समाज’ म्हणून ते उभे राहत नाही. रेल्वे, टपाल, लष्कर अशा बदलीच्या नोकऱ्यांत बेने इस्रायली मोठ्या संख्येने होते. त्यांनी देश पालथा घातला, पण सिनेगॉग उभी राहिली ती जिथे घरे दाटीने होती तिथेच.

मराठी ज्यू म्हणजे नेमके कोण?

महाराष्ट्रातील बहुसंख्य ज्यू ‘बेने इस्रायल’ म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’ या नावाने ओळखले जातात. त्यांची परंपरा अशी सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरले. या कथेला लेखी पुरावा नाही. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचे मिश्रण आढळले. म्हणजे तारीख आणि जहाज बाजूला ठेवले, तरी ‘कुठून तरी आलो आणि इथले झालो’ हा कथेचा गाभा खोटा नाही.

इथले होणे म्हणजे किती, तर आडनावांपर्यंत. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर. चित्रपटांतून ‘डेव्हिड’ म्हणून घराघरांत पोचलेले अभिनेते मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईचे महापौर झालेले आणि ज्यांच्या नावाचा रस्ता आजही महालक्ष्मी-वरळी भागात आहे, ते डॉ. ई. मोझेस हे मूळचे राजपूरकर.

कोकणात त्यांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद. त्यामुळे गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे हे. गावाला यापेक्षा अधिक फरक जाणवत नव्हता. आणि खरे तर त्यांना स्वतःलाही फार काही सांगता येत नव्हते. हिब्रू गेली होती, धर्मग्रंथ गेले होते. शनिवारची सुट्टी, सुंता, खवले व कल्ले असलेलाच मासा खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही एकच प्रार्थना एवढे हाती उरले होते.

सणही राहिले होते, पण मराठी नावांनी. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपवास, हा ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. एक ‘खिरीचा सण’, एक ‘बिरड्याचा सण’. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. मंदिर कोणते, कुणी पाडले याचा विसर पडला असेल, पण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे हे स्वयंपाकघराने लक्षात ठेवले.

पहिले पुनरुज्जीवन कसे घडले?

बाहेरच्या ज्यू जगाशी तुटलेला धागा जोडणारा पहिला माणूस म्हणून परंपरा डेव्हिड रहाबी यांचे नाव घेते. त्यांनी बायकांना मिसळीचे मासे रांधायला दिले आणि त्यांनी खवले-कल्ल्यांचे तेवढे निवडून घेतले, तेव्हा त्यांना खात्री पटली, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. रहाबी नेमके कोणत्या शतकात आले यावर अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. पण त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून ‘काजी’ नेमले, हे समाजाच्या स्मृतीत पक्के आहे. लग्न, सुंता, तंटे यांसाठी हे काजी गावोगाव फिरत.

गावोगाव फिरावे लागत होते, याचाच अर्थ एका गावात समाज पुरेसा नव्हता. दहाचा हिशेब खऱ्या अर्थाने सुटला तो मुंबईत. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आणि गोदी-बांधकामात काम मिळू लागले, तसे कोकणातले बेने इस्रायली मुंबईत येऊन शेजारी-शेजारी राहू लागले. त्यांच्यापैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, घरगुती नाव सामाजी हसाजी, हे कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. हे ‘बनी इस्रायल’ आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने दया दाखवायला सांगितले आणि त्यांचा जीव वाचला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधले. त्याचे नाव ‘शआर हारहामीम’, म्हणजे दयेचे दार. रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच पडले. जुने बेने इस्रायली सिनेगॉगला सरळ ‘मशीद’ म्हणत. जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नावही या ‘जुन्या मशिदी’वरून आले, असे समाजात सांगितले जाते.

इमारत झाली, पण तोराची गुंडाळी हवी होती. ती आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. पुढे १८२६ च्या सुमारास कोचीनहूनच शिक्षक आले. त्यांनी हिब्रू प्रार्थना, त्यांच्या चाली आणि सणांचे तपशील शिकवले. नव्याचा सण आणि दारफळणीचा सण यांना त्यांची हिब्रू नावे परत मिळाली.

यातला सर्वांत गमतीचा भाग मिशनऱ्यांचा. अमेरिकन मराठी मिशनने कोकणात आणि मुंबईत शाळा काढल्या. बेने इस्रायली मुले तिथे गेली आणि बेने इस्रायली शिक्षकही नेमले गेले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीतून लिहिले. हेतू धर्मांतराचा होता. झाले उलटे. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे, आणि बाकीच्यांच्या हाती जुना करार मराठीत आणि हिब्रू व्याकरणासह आला. आपण कोण, हे त्यांना आपल्या भाषेत वाचता आले. मिशनऱ्यांच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला.

मराठीचा वाटा किती?

जवळपास अर्धा. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायली समाज जो उभा राहिला तो हिब्रू अक्षरांइतकाच मराठी छापखान्यावर उभा राहिला. १८४६ मध्ये मुंबईत ‘हगादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. हगादा म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री, मिसरच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट सांगताना घरात वाचायची पोथी. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेत तर चित्रेही आहेत आणि त्यांतल्या बायका लुगडे नेसून, जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. मोशेची गोष्ट त्या घरात कशी ऐकली जात असेल, हे त्या एका चित्रावरून कळते.

जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजातील मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे तीच माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. किहीमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. बेने इस्रायलींवर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतो.

आणि मग कीर्तन. हो, कीर्तनच. पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी, ओव्या, सगळे तेच. आख्यान मात्र अब्राहमाचे, योसेफाचे, मोशेचे किंवा एस्तर राणीचे. १८८० मध्ये या समाजात ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन झाले. ज्यांना हिब्रू वाचता येत नव्हती आणि ज्यांना पुस्तकेही वाचता येत नव्हती, अशा बायाबापड्यांपर्यंत धर्मकथा पोचवण्याचा याहून सोपा मार्ग महाराष्ट्रात दुसरा नव्हता. कीर्तनाला दहाची अट नसते. श्रोत्यांत बायकाही बसत, शेजारचे हिंदूही बसत. सिनेगॉगमध्ये जे ‘आमचे’ होते, ते कीर्तनात ‘सगळ्यांचे’ होत असे.

मलिदाही असाच. गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे, सुकामेवा, फळे, वेलची यांचे ताट मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने प्रार्थना करायची. नवस फेडताना, लग्नाआधी, नवे घर घेतल्यावर हा विधी होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावात ‘एलियाहू हनाबीचा टप्पा’ म्हणून एक खडक आहे. एलियाचा रथ तिथून स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. जगातल्या इतर ज्यूंना हा विधी ठाऊक नाही, पण बेने इस्रायलींसाठी तो सिनेगॉगइतकाच आपला आहे. शब्बाथच्या प्याल्यातही इथे द्राक्षाच्या मद्याऐवजी मनुका भिजवून काढलेले सरबत चालते, कारण धर्मनियमांत बसणारे मद्य मिळायचे कुठून?

बगदादी ज्यू वेगळे का?

मुंबई-पुण्यातली जी सिनेगॉग पर्यटकांच्या फोटोंत दिसतात, भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड आणि काळा घोड्याचे निळे कनेसेथ एलियाहू, ती बगदादहून आलेल्या ससून घराण्याने बांधली. पैसा, व्यापार, अरबी-इंग्रजी भाषा, सारे वेगळे. बगदादींनी बेने इस्रायलींना बराच काळ पूर्ण बरोबरीचे मानले नाही, ही या इतिहासातली कडू बाजू आहे. आता बगदादी जवळजवळ सगळे परदेशी गेले आणि त्यांची भव्य सिनेगॉग टिकवण्यात बेने इस्रायलींचाच हातभार लागतो. काळा घोड्याचे १८८४ मधील सिनेगॉग जीर्णोद्धारानंतर २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले आणि त्या कामाला त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. इमारत वाचली हे उत्तमच झाले. पण जीर्णोद्धार आणि समाजाचे पुनरुज्जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगीत काचा परदेशी निधीतून दुरुस्त होतात, बाकांवरची माणसे होत नाहीत. कोचीनच्या १५६८ मधील परदेशी सिनेगॉगकडे पाहिले की हे लगेच कळते. तिथे तिकीट काढून येणाऱ्यांची रांग असते, पण स्थानिक समाजातून दहा जण जमत नाहीत.

एवढा उभा राहिलेला समाज रिकामा का झाला?

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. आज ही संख्या पाच हजारांहून कमी आहे आणि त्यातले निम्मे महाराष्ट्रात आहेत. इथे छळ झाला म्हणून कुणी गेले नाही. भारतात ज्यूविरोधी वातावरण कधी नव्हते, हे इस्रायलला गेलेले मराठी ज्यूही आवर्जून सांगतात. मग गेले का? नोकऱ्या, नातेवाईक, मुलांची लग्ने ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आहे आणि ते थोडे अवघड आहे. शंभर-दीडशे वर्षे शिक्षकांनी, पुस्तकांनी, शाळेने आणि कीर्तनाने या समाजाला जे शिकवले, त्याच्या प्रत्येक प्रार्थनेत जेरुसलेम होते. शनिवार तेल्याला जेरुसलेम ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याला तिथे जायचेही नव्हते. त्याचा नातू हिब्रू शिकला आणि त्याने गाठोडे बांधले. पहिल्या पुनरुज्जीवनाचे यशच पुढे गळतीचे एक कारण ठरले.

तिकडे स्वागत सरळ झाले नाही. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भेदभावाच्या तक्रारी करून काही कुटुंबे भारतात परतली होती. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेला त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले. त्यानंतर त्या आदेशातून बेने इस्रायलींचे नाव वगळले गेले. भारतीय दूतावासाच्या अंदाजानुसार आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत. त्यातले बहुसंख्य मराठी मुळाचे आहेत. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे त्यांच्या वस्त्या आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले आहे.

मग आताचे पुनरुज्जीवन कुठे दिसते?

ठाण्यात. टेंभी नाक्यावर, सिव्हिल हॉस्पिटलसमोर, १८७९ मध्ये स्थापन झालेले ‘शआर हाशामायिम’, म्हणजे स्वर्गाचे दार, हे सिनेगॉग आहे. आज देशातील सर्वांत गजबजलेले सिनेगॉग म्हणून त्याचे नाव घेतले जाते. कारण अगदी मुंबईकर आहे : घरांच्या किमती. मांडवी, उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा येथील चाळी सोडून मध्यमवर्ग उपनगरांत सरकला, तसे बेने इस्रायलीही ठाण्याला आले. कोकणातून मुंबईत जे दोनशे वर्षांपूर्वी घडले, तेच मुंबईतून ठाण्यात घडले. घरे जवळ आली आणि दहाचा प्रश्न सुटला. नव्याच्या सणाला आणि दारफळणीच्या उपवासाला इथे बसायला जागा अपुरी पडते. नव्याच्या सणाला घरोघरी गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा होतो. मांसासोबत दूध वर्ज्य, म्हणून कोकणच्या नारळाने ती अडचण कधीच सोडवून टाकली आहे.

याचीच दुसरी बाजू १७९६ च्या ‘दयेच्या दारा’पाशी दिसते. मशीद बंदरच्या घाऊक बाजाराच्या गजबजाटात ते उभे आहे, पण आसपास ज्यू वस्ती उरलेली नाही. तिथे प्रार्थना व्हायची तर माणसे लोकलने यावी लागतात. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चे मागेन आबोथ आहे, रेवदंड्याला, पेणला, पनवेललाही सिनेगॉग आहेत. कोकणातल्या छोट्या गावांत एखाद-दुसरे कुटुंब किल्ल्या सांभाळते आणि सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हाच तिथे दहाचा आकडा भरतो.

बर्लिनशी तुलना केली तर हा फरक ठळक होतो. युद्धानंतर जर्मनीत ज्यू समाज नावापुरता उरला होता. १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएत संघातून सुमारे दोन लाख लोक जर्मनीत आले आणि तिथली रिकामी सिनेगॉग भरली. महाराष्ट्रात बाहेरून येणारे कुणी नाही. इथे जी हालचाल आहे, ती असलेल्याच माणसांची आहे.

शिकवणार कोण?

बेने इस्रायलींमध्ये परंपरेने रब्बी नव्हतेच. प्रार्थना चालवणारा तो ‘हजान’, समाजाचा प्रमुख तो ‘मुकादम’. हजानला हिब्रू वाचता यावी, चाली याव्यात, विधी ठाऊक असावेत. बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून हे काम करतात. एक चांगला हजान इस्रायलला गेला, की त्याची जागा भरायला वर्षे लागतात. मुंबईतील ओआरटी इंडिया आणि एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर या संस्था हिब्रूचे वर्ग, मुलांची शिबिरे आणि ज्येष्ठांसाठी उपक्रम चालवत आल्या आहेत. वेगवेगळ्या उपनगरांत विखुरलेल्या तरुणांना एकमेकांची तोंडओळख व्हावी, हाही या शिबिरांचा एक न बोललेला हेतू असतो. पाच हजारांपेक्षा कमी लोकांत स्थळ शोधायचे, म्हणजे काय ते समजून घ्यावे.

यात स्त्रियांचे काय, हा प्रश्न नवा नाही. सनातनी पद्धतीत दहामध्ये फक्त पुरुष मोजतात. लंडनला शिकून आलेल्या प्रख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजियस युनियन’ ही उदारमतवादी संस्था सुरू केली. पुढे १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगभरातल्या उदारमतवादी सिनेगॉगमध्ये स्त्रिया मिन्यानमध्ये मोजल्या जातात. तसे झाले तर दहाचा आकडा एका झटक्यात दुप्पट सोपा होईल, हे गणित कुणालाही कळते. पण महाराष्ट्रातली बहुतेक सिनेगॉग सनातनी पद्धतच पाळतात. संख्या कमी आहे म्हणूनच नियम सैल करायला भीती वाटते, असे या सावधपणामागचे कारण दिसते. इस्रायलमध्ये एकदा ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असे विचारले गेलेल्या समाजाकडून वेगळी अपेक्षा करणे अवघडही आहे.

२६/११ आणि अल्पसंख्याक दर्जा यांनी काय बदलले?

२००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्त्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्हका यांच्यासह सहा जण मारले गेले. हे केंद्र मुख्यतः परदेशी ज्यू प्रवाशांसाठी होते, बेने इस्रायलींचे सिनेगॉग नव्हे. २०१४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पण त्या घटनेनंतर मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक सिनेगॉगबाहेर पोलीस आले आणि आत जाण्यापूर्वी ओळखपत्र दाखवणे सुरू झाले. ज्या समाजाच्या मलिद्याला शेजारी सहज येऊन बसत, त्याच्या दाराशी नोंदवही आली. ही सवय व्हायला वेळ लागला.

जून २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. स्वतःच्या शैक्षणिक संस्था चालवणे, शिष्यवृत्त्या असे त्याचे लाभ आहेत. जनगणनेत मात्र ज्यूंना स्वतंत्र रकाना नाही, ‘इतर धर्म’ या शीर्षकाखाली त्यांची गणना होते. त्यामुळे किती आहेत, कुठे आहेत, हे आकडे समाजाला स्वतःच्याच वह्यांतून काढावे लागतात. आणि समाजाला हवा असलेला आकडा राज्याच्या बेरजेत सापडतही नाही. तो असतो एखाद्या पत्त्याच्या आसपासचा : चालत येण्याच्या अंतरावर शनिवारी सकाळी किती जण येतील?

तू बिश्वात या झाडांच्या सणाला, जानेवारी-फेब्रुवारीत, ठाण्या-मुंबईहून माणसे भरून गाड्या खंडाळ्याच्या टप्प्यावर जातात. सुट्टीवर आलेले इस्रायलमधले नातेवाईकही असतात. खडकाजवळ मलिद्याची ताटे मांडली जातात, हजान हिब्रूत प्रार्थना म्हणतो आणि मधल्या सूचना मराठीत होतात. त्या दिवशी तिथे दहा जण मोजावे लागत नाहीत.